खुबा मोडण्याआधी

घरातलं म्हातारं माणूस पडलं की कारण ठरलेलं असतं. मोरीत पाय घसरला, पायपुसण्यात अडकला, उंबरठा दिसला नाही. दोष फरशीचा, म्हणून उपायही फरशीवरच होतात. बाथरूममध्ये रबरी मॅट येते, कमोडशेजारी दांडा बसतो आणि पडलेल्या माणसाला ताकीद मिळते की आता एकट्यानं उठायचं नाही, काय हवं ते मागायचं, हाक मारायची. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्या आहेत. तिसरी घातक आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नावर जे संशोधन झालं ते एकत्र मांडून पाहिलं, तर पडणं टाळण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग पायांतली ताकद आणि तोल यांच्या सरावातून जातो असं दिसतं. औषधांची छाननी आणि डोळ्यांचे उपचार त्याला हातभार लावतात. घरातली डागडुजी कामी येते, पण मुख्यतः ज्यांचा तोल आधीच ढळू लागलाय त्यांच्या. आणि आपल्याकडे प्रेमापोटी सर्रास केला जाणारा उपाय, म्हणजे माणसाला बसवून ठेवणं, पुढच्या पडण्याची तयारी करून देतो.

प्रश्नाचा आवाका थोडक्यात सांगायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. अमेरिकेतल्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपापल्या घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या ३३६ जणांचा वर्षभर मागोवा घेतला होता. त्यातले ३२ टक्के वर्षात एकदा तरी पडले. बहुतेकांचं खरचटण्यावर, मुका मार लागण्यावर भागतं. पण खुब्याचं हाड मोडलं तर गोष्ट वेगळी. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चौथा हिस्सा वर्षभरात जातो, असं देशोदेशीचे अभ्यास सांगतात, आणि जे वाचतात त्यांच्यातले अनेक जण पूर्वीसारखे चालत नाहीत. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसं एक कोटीच्या वर होती.

आता पडणं घडतं कसं ते पाहू, कारण सगळा वाद तिथेच आहे. उभं राहणं ही दिसायला स्थिर, पण आतून सतत चाललेली दुरुस्ती असते. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय यांच्याकडून मेंदूला खबर मिळत राहते, आणि घोटे, गुडघे, खुबे क्षणाक्षणाला सावरत राहतात. वयाबरोबर खबर उशिरा पोचते आणि सावरणारा स्नायू दुबळा होतो. तरुण माणूसही अधूनमधून अडखळतो, पण त्याचा दुसरा पाय वेळेवर पुढे पडतो. म्हाताऱ्या माणसाचा पडत नाही, किंवा पडला तरी त्यावर आलेला भार तो पाय पेलू शकत नाही. कॅनडात स्टीफन रॉबिनोविच आणि सहकाऱ्यांनी दोन वृद्धनिवासांतल्या सामायिक जागांमध्ये कॅमेरे लावून १३० जणांच्या २२७ पडण्यांचं प्रत्यक्ष चित्रण तपासलं. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले त्याचे निष्कर्ष फरशीला दोष देणाऱ्या कोणालाही विचारात पाडतील. ४१ टक्के पडणी शरीराचं वजन इकडून तिकडे नेताना चुकल्यामुळे झाली होती: खुर्चीतून उठताना, वळताना, नुसतं उभं असताना. पाय अडकून २१ टक्के. घसरून पडलेले अवघे ३ टक्के. ही वृद्धनिवासं होती, त्यांत न्हाणीघरांचं चित्रण नव्हतं, आणि आपल्या ओल्या मोरीत घसरण्याचा वाटा नक्कीच जास्त निघेल. तरी मुख्य मुद्दा डळमळत नाही. घसरण्यासारखी फरशी सगळ्या घराला सारखीच असते. तिच्यावरून पडतो तो घरातला एखादाच.

रात्री दोन वाजता लघवीला उठणाऱ्या सत्तरीतल्या पुरुषाचं उदाहरण घ्या. प्रोस्टेटसाठी तो टॅमसुलोसिन घेतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि झोप लागत नाही म्हणून कधीतरी सुरू झालेली क्लोनाझेपामची अर्धी गोळी पाच वर्षांनंतरही चालूच आहे. तो अंथरुणातून एकदम उभा राहतो. रक्त पायांकडे उतरतं आणि रक्तदाब घसरतो. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टर त्याला दोष मानतात. झोपेच्या गोळीनं मेंदू मंद, दिवा लावला तर बायको उठेल म्हणून खोलीत अंधार, चष्मा उशाशीच. बाथरूमच्या दारातली पायरी उतरताना एका पायावर सगळं वजन येतं आणि तो पाय लटपटतो. सकाळी सगळ्यांना सांगितलं जातं, मोरीत घसरले. या साखळीत पाणी शेवटचं, आणि बहुधा सगळ्यात किरकोळ.

उपायांच्या पुराव्यात व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेसाठी केलेल्या आढाव्यात २५ देशांतल्या १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसं होती. व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. तोलाचे आणि रोजच्या हालचालींवर बेतलेले व्यायाम एवढेच घेतले तर २४ टक्के, आणि त्यांना ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तर सुमारे ३४ टक्के. त्याच गटाच्या आधीच्या एका आढाव्यात, तोलाला खरोखर आव्हान देणारा व्यायाम आठवड्याला तीन तासांहून जास्त केला तिथे घट ३९ टक्क्यांपर्यंत गेली होती. इथे ‘आव्हान’ महत्त्वाचं. माणूस जरासा डगमगला पाहिजे. आधाराला भिंत किंवा ओटा जवळ हवा, पण तो धरून ठेवलेला नको.

‘आम्ही रोज फिरायला जातो’ हे यावरचं सगळ्यात सामान्य उत्तर. फिरणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम आहे, पण नुसत्या फिरण्यानं पडणं कमी होतं असा भरवशाचा पुरावा नाही. उलट लंडनमध्ये हाताचं हाड मोडलेल्या १६५ बायकांवरच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भरभर चालण्याचा सल्ला मिळालेल्या गटात पडण्याचं प्रमाण वाढलं. सपाट रस्त्यावरच्या ठरावीक चालीत तोल फारसा पणाला लागत नाही, आणि कमकुवत पायांनी वेग वाढवला की अडखळण्याची संधी मात्र वाढते. हास्यक्लबाबद्दलही तेच म्हणता येईल. योगासनांचं थोडं निराळं आहे. ताडासनात टाचा उचलणं, वृक्षासनात एका पायावर उभं राहणं हा अस्सल तोलाचा सराव आहे. पण ज्येष्ठांच्या बऱ्याच वर्गांत निम्मा वेळ बैठकीच्या प्राणायामात जातो आणि उभी आसनं ‘या वयात नको’ म्हणून आधी गळतात. म्हणजे जे करायला हवं तेवढंच वगळलं जातं.

काय करायला हवं, याचा सर्वांत पारखलेला नमुना न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीसाठी जॉन कॅम्पबेल यांच्या गटानं घरी राहणाऱ्या, ऐंशी किंवा त्याहून जास्त वयाच्या २३३ बायका निवडल्या. निम्म्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा गेली. घोट्याला वजनाची पट्टी बांधून पाय उचलणं, टाचांवर आणि चवड्यांवर चालणं, एका पावलापुढे दुसरं लावून सरळ रेषेत जाणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं असे साधेच प्रकार तिनं शिकवले, जसजसं जमेल तसे अवघड केले आणि मग बायकांवर सोपवले. आठवड्यातून तीनदा अर्धा तास. वर्षअखेरीस व्यायाम न केलेल्या गटात १५२ पडणी नोंदली गेली, केलेल्या गटात ८८. ऐंशीच्या पुढे स्नायू काही वाढत नाहीत, आता उशीर झाला, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. सिडनीत लिंडी क्लेमसन यांनी पुढचं पाऊल टाकलं: व्यायामाला वेगळी वेळच काढायची नाही, तो कामांत मिसळायचा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, खालच्या खणातलं काढताना कमरेतून न वाकता गुडघ्यात वाकायचं, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना रेषेत पावलं टाकायची. आधी पडलेल्या सत्तरीपुढच्या ३१७ जणांवरच्या या चाचणीत, २०१२ मध्ये, पडणं ३१ टक्क्यांनी कमी झालं.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक विचार येणारच. जमिनीवर जेवायला बसणं, विळीवर चिरणं, भारतीय पद्धतीचा संडास, मांडी घालून पूजा: दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीवरून उठायचं तर क्लेमसनबाईंचा कार्यक्रम आपल्या घरांत फुकटच चालू होता. यात तथ्य आहे. ब्राझीलमधल्या क्लाउदियो अराउजो यांच्या गटानं, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं होतं. ज्यांना हाता-गुडघ्यांचा आधार जास्त लागला त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूही जास्त झाले. पण यावरून जमिनीवर बसल्यानं आयुष्य वाढतं असं काढणं घाईचं होईल. आजारी माणसाला उठता येत नाही, एवढंच कदाचित त्यात मोजलं गेलं असेल. आणि ज्याचे गुडघे झिजलेत त्याला पुन्हा पाटावर बसवणं हा हट्ट ठरेल. मात्र डायनिंग टेबल, कमोड आणि सोफा हे तिन्ही एकदम घरात आले, आणि ते घेऊन गेले त्या उठबशीच्या जागी काहीच आलं नाही, हे खरं. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं ही त्याची स्वस्तातली भरपाई आहे.

मग घराकडे पाहायचंच नाही का? पाहायचं, पण कोणाच्या घराकडे ते ठरवून. क्लेमसन यांच्याच गटाच्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात घरातले धोके कमी केल्यानं पडणं एकंदर २६ टक्क्यांनी घटलं. पण जे आधी पडले होते किंवा ज्यांना रोजच्या कामांत मदत लागत होती त्यांच्यात घट ३८ टक्के होती, आणि सरसकट निवडलेल्यांत फायदा दिसलाच नाही. न्यूझीलंडच्या तारानाकी भागातली ८४२ घरांवरची चाचणी हे चित्र थोडं बदलते: तिथे कठडे, दांडे, दिवे, पायऱ्यांच्या कडांवर खरखरीत पट्ट्या अशी स्वस्त दुरुस्ती सरसकट केली आणि घरात पडून होणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी झाल्या. एवढ्या खर्चात हा सौदा वाईट नाही. आपल्या घरांत पाहण्यासारखी ठिकाणं मोजकीच आहेत. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाथरूमच्या दाराशी ठेवलेली ती दोन-तीन इंचांची पायरी, जी ओल्या पायांनी आणि बहुधा ओला टॉवेल हातात घेऊन ओलांडायची असते. बादली आणि तांब्यानं अंघोळ करताना बसायला घेतलेलं हलकं प्लास्टिकचं स्टूल. टॉवेल टांगायची दांडी, जी आधाराची समजून धरली जाते आणि भिंतीतून निसटते. तळ गुळगुळीत झालेली रबरी चप्पल. पलंग ते संडास या वाटेवर न लागणारा दिवा. एवढं केलं तरी बरंच झालं. बाजारात मिळणारी उरलेली सामग्री घरच्यांच्या समाधानाची.

औषधांचा भाग कमी दिसतो, पण वजनदार आहे. कॅम्पबेल यांनीच १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ९३ जणांवरच्या चाचणीत सुमारे निम्म्यांच्या झोपेच्या आणि मनावर चालणाऱ्या गोळ्या त्यांच्या नकळत हळूहळू कमी करत बंद केल्या, तेव्हा पडण्यात ६६ टक्के घट झाली. एवढा मोठा परिणाम या क्षेत्रात क्वचित दिसतो. मात्र ज्यांनी शेवटपर्यंत साथ दिली त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांनी चाचणी संपल्यावर महिन्याभरात गोळी पुन्हा सुरू केली. या गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं, म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पण तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकाच टेबलावर ठेवून ‘यातली कुठली कमी करता येईल?’ असं विचारणं घरच्यांच्या हातात आहे. उलट टोकाला ड जीवनसत्त्व. ऑस्ट्रेलियात २,२५६ वृद्ध बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा डोस दिला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत त्यांच्यात पडणं १५ टक्क्यांनी आणि हाडं मोडणं २६ टक्क्यांनी वाढलं. ज्याच्या रक्तात कमतरता आहे त्यानं उपचार जरूर घ्यावेत, पण साठ हजार युनिटांच्या पुड्या मनानं घेत राहणं म्हणजे पडण्यापासून विमा नव्हे. डोळ्यांच्या बाबतीतही निकाल सरळ नाहीत. इंग्लंडमध्ये पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू लवकर काढलेल्या बायका प्रतीक्षायादीवरच्या बायकांपेक्षा ३४ टक्के कमी पडल्या. पण सिडनीत डोळे तपासून नवे चष्मे दिलेल्या गटात पडणं ५७ टक्क्यांनी वाढलं, बहुधा नव्या नंबराला नजर सरावेपर्यंत पायऱ्या-उंबरठे चुकीच्या जागी दिसतात म्हणून. मोतीबिंदू लांबवू नये, आणि नवा चष्मा लागल्यावर पहिले काही दिवस जिन्यावर कठडा सोडू नये, एवढं यातून घ्यावं.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप २०२० मध्ये आला, आणि तो टाळून हा आढावा पुरा होत नाही. अमेरिकेत ८६ दवाखान्यांमधल्या ५,४५१ जणांवर झालेल्या ‘स्ट्राइड’ या चाचणीत परिचारिका प्रत्येकाचे धोके तपासून त्याच्यासाठी योजना आखत होत्या. पडून होणाऱ्या गंभीर दुखापती ८ टक्के कमी झाल्या, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. इंग्लंडमधल्या ‘प्रीफिट’ चाचणीत ९,८०३ जण होते. नुसता टपालानं सल्ला, व्यायाम आणि बहुअंगी तपासणी अशी तुलना झाली, आणि हाडं मोडण्यात काहीच फरक पडला नाही. त्यातला व्यायामही ओटागोचाच होता, म्हणजे हा धक्का वर मांडलेल्या युक्तिवादालाही बसतो. त्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. या चाचण्यांत बरंचसं काम तपासून पुढे पाठवण्याचं होतं. प्रत्यक्ष किती जणांनी किती सराव केला हा दुवा कमजोर राहिला. धोका सांगितल्यानं पाय बळकट होत नाहीत. दुसरा भाग जास्त प्रामाणिक आहे: पडणं कमी होणं आणि हाड मोडणं कमी होणं या एकच गोष्टी नाहीत. व्यायामानं पडणं कमी होतं हे पक्कं आहे. फ्रॅक्चर कमी होतात याचा पुरावा अजून पातळ आहे. म्हणून ज्याचं एकदा मनगट किंवा मणका मोडलाय त्याच्या हाडांच्या ठिसूळपणावर औषधोपचार व्हायलाच हवेत. मनगटाचं प्लास्टर निघालं की विषय संपला असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं, आणि पुढचा खुबा तिथेच ठरतो.

दुसरा आक्षेप घरातून येतो: व्यायाम करतानाच माणूस पडला तर? जोखीम शून्य नाही. पण बसून राहण्याची जोखीम दिसत नाही म्हणून ती कमी ठरत नाही. एकदा पडलेल्या माणसाला भीती बसते, भीतीनं हालचाल कमी होते, पाय आणखी बारीक होतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. आपल्या घरांत या चक्राला मायेचं खतपाणी मिळतं. सासूबाईंच्या हातातलं ताट काढून घेणारी सून, ‘बाबा, तुम्ही बसा’ म्हणणारा मुलगा यांच्या हेतूबद्दल शंका नाही, परिणामाबद्दल आहे. मुलं अमेरिकेत आणि आईवडील पुण्यात अशा घरांत हीच माया कॅमेरा आणि गळ्यातल्या मदतीच्या बटणाच्या रूपात येते. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित: केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्यांच्या अभ्यासात, पडल्यावर एकट्यानं उठता न आलेल्यांपैकी ज्यांच्याकडे मदतीची घंटा होती त्यातल्या बहुतेकांनी ती वाजवलीच नाही. जमिनीवरून उठायला शिकवणं, म्हणजे कुशीवर वळणं, गुडघ्यांवर येणं, जवळची खुर्ची धरणं, हे त्या बटणाइतकंच गरजेचं आहे आणि जवळपास कोणीच शिकवत नाही.

सरकारी बाजू पाहिली तर पैसा माणूस पडल्यानंतरच्या टप्प्यावर जास्त खुला होतो. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण मिळालं. मोडलेल्या खुब्यासाठी ही मोठीच सोय आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना साहाय्यक साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. पण घेतलेली काठी मनगटाच्या घडीएवढी उंच हवी आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे दुकानदार सांगत नाही, आणि चुकीच्या उंचीची काठी चुकीच्या हातात घेऊन चालणारी माणसं कुठल्याही बागेत दिसतात. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपीची तरतूद आहे. अडचण अशी की आठवड्यातून तीनदा तिथवर जाणं ज्याला जमतं त्याला तिची गरज सगळ्यात कमी. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांकडे मात्र जागा आहे, खुर्च्या आहेत आणि येणारी माणसं आहेत. तिथे वाढदिवस आणि व्याख्यानं होतात तशी दर सहा महिन्यांनी एक चाचणी होऊ शकते: हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. ज्यांचा आकडा घसरतोय त्यांच्यासाठी आठवड्याला तीन वर्ग, एका शिकवलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. खुब्याच्या एका शस्त्रक्रियेच्या खर्चात असा वर्ग किती महिने चालेल, हे गणित संघाच्या खजिनदाराला सहज मांडता येईल, आणि ते महापालिकेच्या अंदाजपत्रकापुढे ठेवण्यासारखं आहे.